एकच टक्का, दोन वेगळे परिणाम: एसएसडीआय आणि एसएसआय

अमेरिकेत अपंगत्वाचे लाभ 1975 पासून महागाईच्या निर्देशांकानुसार आपोआप वाढतात, आणि 2025 साठीची 2.5 टक्के वाढ नोकरीतील कर भरून मिळणाऱ्या एसएसडीआयला तसेच गरिबीच्या निकषावर मिळणाऱ्या एसएसआयला सारखीच लागू झाली. हाती मात्र सारखे पडले नाही. एसएसडीआयचे दरमहा 1,000 डॉलर घेणाऱ्याला 25 डॉलर वाढले, पण मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या ‘भाग बी’चा (डॉक्टरांच्या खर्चासाठीच्या भागाचा) दरमहा हप्ता 174.70 वरून 185 डॉलर झाल्याने, तो स्वतः भरणाऱ्याकडे 14.70 डॉलरच उरले.

एसएसआयची कमाल संघीय रक्कम 943 वरून 967 डॉलर झाली; या लाभार्थ्यांना बहुधा मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा आधार असल्याने ही वाढ हप्त्यात सहसा जात नाही. तरीही मला एसएसआयचीच बाजू अधिक अन्यायाची वाटते, कारण एकट्या व्यक्तीने जवळ ठेवायच्या बचतीची 2,000 डॉलरची मर्यादा 1989 पासून हललेली नाही. लाभ महागाईबरोबर चालतो, पण अडीअडचणीसाठी चार पैसे गाठीला बांधण्याची मुभा जिथल्या तिथेच राहते. दोन्ही लाभ एकत्र घेणाऱ्याच्या बाबतीत तर एसएसडीआयमधली वाढ एसएसआयच्या हिशोबात तेवढ्याच डॉलरांनी वजा धरली जाते.