पार्कर ५१ एरोमेट्रिक: धुणं, भरणं आणि रोजचं लिहिणं

गेल्या दिवाळीपासून माझं रोजचं लिहिणं पार्कर ५१ या फाउंटन पेनावर चालू आहे. हे मॉडेल १९४१ मध्ये बाजारात आलं. माझं पेन १९४८ नंतरचं, एरोमेट्रिक पद्धतीनं, म्हणजे आतली पिशवी पट्टीनं दाबून शाई भरायचं. निब किती गुळगुळीत चालते हे सगळेच सांगतात. मला बोलायचंय ते धुण्याबद्दल, कारण धुणं नीट झालं नाही तर ती निब काही कामाची नाही.

जुनं पेन घेतलं की आत वाळलेली शाई असणारच. मागचा भाग फिरवून काढला की धातूच्या आवरणात दाबपट्टी दिसते. निब साध्या पाण्यात बुडवायची, पट्टी दाबायची, सोडायची. पाणी निळं झालं की बदलायचं. थोड्या वेळानं स्वच्छ पाणी यायला लागतं, पण तिथं थांबू नका. या पेनाची निब कव्हराखाली झाकलेली असते आणि तिच्याभोवती बारीक चकत्यांचा ‘कलेक्टर’ असतो. जास्तीची शाई तो धरून ठेवतो, त्यामुळे पेन गळत नाही. पण जुनी शाईही तो सहजासहजी सोडत नाही. पेन निब खाली करून रात्रभर थोड्या पाण्यात उभं ठेवलं, तर सकाळी तेच पाणी पुन्हा गडद झालेलं दिसतं. पाणी निवळ राहीपर्यंत रोज रात्री हेच करायचं. शेवटी निब टिपकागदावर टेकवून पेन उभं ठेवलं की उरलंसुरलं पाणी तो ओढून घेतो.

गरम पाणी नको, निबेवरचं कव्हर लाखेनं बसवलेलं असतं. स्पिरिट तर अजिबातच नको, प्लॅस्टिकला तडे जातात. आणि ते कव्हर उघडून बघायचा मोह आवरा. माझ्या पेनाला त्याची गरजच पडली नाही.

भरताना पट्टी एकदाच दाबून पेन उचललं तर पोट अर्धंही भरत नाही. आत एक बारीक नळी पिशवीच्या वरच्या टोकापर्यंत गेलेली असते. निब खाली ठेवून पट्टी दाबली की वर साठलेली हवा त्या नळीतून बाहेर पडते, सोडली की शाई आत येते. म्हणून पाच-सहा वेळा, दर खेपेला क्षणभर थांबून दाबायचं. दौतीत बुडबुडे यायचे थांबले की भरलं. विकत घेतानाही हीच परीक्षा करा: पाण्यात बुडबुडे आलेच नाहीत, तर पिशवी फाटलेली किंवा वाट तुंबलेली. पिशवी रबराची नाही, प्लॅस्टिकची आहे, त्यामुळे सत्तर वर्षांनंतरही ती लवचिक असते. त्या काळच्या खटक्याच्या पेनांतल्या रबरी पिशव्या केव्हाच कडक होऊन गेल्या. मला या पेनाचं सगळ्यात कौतुक वाटतं ते याचंच.

शाई साधी रॉयल ब्लू वापरतो, कॅमलची. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई यात कधीही घालू नका, कलेक्टर कायमचा चोंदेल.

उणिवा आहेत. शाई किती उरली ते बाहेरून कळत नाही. निब झाकलेली असल्यानं ती नेमकी कुठल्या बाजूला आहे हे आधी चाचपावं लागतं. क्लिपची रेघ धरून टोपण मागे लावायची सवय केली की हात आपोआप बसतो. रंग बदलायचा तर पुन्हा रात्र-रात्र धुणं आलं. ज्यांना दर आठवड्याला नवी शाई हवी, त्यांनी दुसरं पेन बघावं. दोन-चार दिवस न वापरताही पहिल्याच अक्षराला चालणारं पेन हवं असेल, तर हे घ्या.