काँक्रीटच्या भिंतीवर पडदा: भोक पाडायचं की चिकटवायचं?

माझी धाकटी बहीण रावेतला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, अकरा महिन्यांच्या करारावर. मी खडकीला फौजी क्वार्टरमध्ये. लग्नानंतरचं हे माझं सहावं घर. गेल्या वर्षी जूनमध्ये दोघींनी एकाच दुकानातून, एकाच ताग्यातले पडदे शिवून घेतले आणि दोघींपुढे प्रश्नही एकच उभा राहिला. घर आपलं नाही, भिंत काँक्रीटची, मग हे टांगायचे कशावर? तिने भिंतीला धक्का नको म्हणून चिकटवायचे हुक आणले. मी परवानगी काढून ड्रिलवाल्याला बोलावलं.

जुलैच्या पहिल्या जोरदार पावसात, रात्री दीडच्या सुमाराला तिचा रॉड धाडकन खाली आला. सकाळी मी जाऊन पाहिलं. हुकाचा चिकट भाग सुटलाच नव्हता. हुकाच्या पाठीला तळहाताएवढा रंगाचा आणि पुट्टीचा पापुद्रा तसाच घट्ट चिकटलेला होता आणि भिंतीवर तेवढ्या जागी राखाडी काँक्रीट उघडं पडलं होतं. घर सोडताना घरमालकांनी त्या दोन चट्ट्यांसाठी अख्ख्या भिंतीचा रंग डिपॉझिटमधून कापला. मी आधीचं क्वार्टर सोडलं तेव्हा चार भोकं बुजवायला मला दोन चमचे पुट्टी लागली होती.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी हेच सांगते: भाड्याच्या घरात भोकाला घाबरू नका, पापुद्र्याला घाबरा. अर्थात प्रत्येक घरात भोक पाडायलाच हवं असं नाही.

आधी भिंत ओळखा

पडद्याच्या बाबतीत गंमत अशी की घर विटांचं असलं तरी पडदा बहुतेक काँक्रीटवरच येतो. खिडकीच्या वर लिंटेल असतं, म्हणजे वरच्या विटांचा भार पेलणारी आरसीसीची, सळया घालून ओतलेल्या काँक्रीटची, आडवी पट्टी. रॉड धरणारं ब्रॅकेट नेमकं तिथेच ठोकायचं असतं. म्हणून हॉलच्या भिंतीत फोटोचा खिळा सहज गेला तरी खिडकीवर मात्र खिळा वाकतो, ठिणगी उडते आणि प्लास्टरचा टवका निघतो. कोकणात, गोव्यात चिऱ्याची घरं असतात, तिथेही खिडकीवर बऱ्याचदा आरसीसीचीच पट्टी असते.

पुण्या-मुंबईतल्या नव्या टॉवरांमध्ये मायवान पद्धत असते. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. तिथे साधारण 100 ते 160 मिलिमीटर जाडीची अख्खी भिंतच काँक्रीटची. विजेच्या नळ्याही त्यातच गाडलेल्या, म्हणून स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि एसीच्या पॉइंटच्या आजूबाजूला ड्रिल लावायचं नाही. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांची भिंत याच्या अगदी उलट. ड्रिल लोण्यासारखं आत जातं आणि साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरायला भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी, महिन्याभरात खुळखुळते.

ओळखायची सोपी खूण म्हणजे भोकातून पडणारी भुकटी. तांबडी असेल तर वीट, पांढरी मऊ आणि भरभर पडणारी असेल तर सिपोरेक्स, राखाडी आणि हट्टाने थोडी थोडी येणारी असेल तर काँक्रीट.

चिकटवायचे हुक

पाकिटावर पाच किलो लिहिलेलं असतं आणि माणूस तिथेच फसतो. तो आकडा सरळ खाली ओढणाऱ्या, स्थिर वजनाचा असतो. पडद्याचा रॉड मात्र भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो, त्यामुळे वजन हुकाला वरच्या कडेने उचकटत राहतं. स्टिकर कसा काढतो आपण? एक कडा नखाने उचलून. तेच काम पडदा दिवसरात्र करत असतो. त्यात रोजची ओढाताण, वाऱ्याने फुगणं, पोरांचं पडद्यामागे लपणं.

मी घरच्या काट्यावर वजनं केली आहेत. सात फुटी साधा पडदा सहाशे-सातशे ग्रॅम, अस्तरवाला ब्लॅकआउट सव्वा किलोच्या पुढे, सात फुटी पोकळ स्टीलचा रॉड पाऊण किलो. बाल्कनीच्या दाराला दोन ब्लॅकआउट म्हणजे साडेतीन किलो टांगलेले आणि तेही पुढे झुकून.

दुसरं म्हणजे गोंद कितीही चांगला असला तरी तो रंगाला चिकटतो, भिंतीला नाही. ऑइल पेंट, टाइल, ग्रॅनाइट, काच यांवर हुक उत्तम बसतो. डिस्टेंपरवर आणि चुन्यावर हात फिरवला की हाताला पांढरं लागतं, तिथे हुक लावणं म्हणजे पावडरीवर चिकटवणं. जुन्या क्वार्टरांमध्ये बहुतेक हीच परिस्थिती. पावसाळ्यात ओल आली की उरलंसुरलंही सुटतं. त्यामुळे स्वयंपाकघराच्या टाइलवर, नेटच्या अर्ध्या पडद्यासाठी हे हुक जरूर घ्या. हॉलसाठी नको.

स्प्रिंगचा दाबाचा रॉड

खिडकीच्या खाचेत दोन बाजूंच्या मध्ये अडकवून फिरवला की घट्ट होणारा हा रॉड. भोक नाही, गोंद नाही, जाताना काढून ट्रंकेत टाकला की झालं. चार फुटांपर्यंतच्या खिडकीला मला हा मनापासून आवडतो. त्यापुढे तो मधे पोट काढतो आणि एका रात्री सटकतो.

अट एकच, खाच खोल हवी. नव्या फ्लॅटमध्ये भिंत मुळात पातळ, त्यात सरकत्या खिडकीची पट्टी, आतून जाळी, आतूनच ग्रील, मग रॉडला जागाच उरत नाही. जुन्या लष्करी इमारतींच्या भिंती मात्र चांगल्या जाड, तिथे खिडकीच्या कठड्यावर कुंडी मावते, रॉडचं काय घेऊन बसलात. बाजूला गुळगुळीत ग्रॅनाइट असेल तर टोकाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा कापून ठेवा. आमच्या स्वयंपाकघरातला रॉड त्या तुकड्यांवर दीड वर्ष हललेला नाही. तोटा एवढाच की पडदा खाचेतच राहतो, त्यामुळे कडेने उजेड येतो. दुपारी झोपणारं बाळ किंवा नाइट ड्यूटीचा माणूस घरात असेल तर हे चालणार नाही.

चौकट, पेल्मेट, लोखंडी खिडकी

भिंतीला हात लावण्याआधी आधीच्या माणसाने काय ठेवलंय ते बघा. फौजी क्वार्टरमध्ये हे सगळ्यात महत्त्वाचं. कित्येक जुन्या क्वार्टरांत लाकडी पेल्मेट असतं, म्हणजे पडद्याची दांडी झाकणारी खिडकीवरची पेटी, त्याच्या आत दांडीचे आकडे असतात, नुसती धूळ पुसून तेल लावायचं. पेल्मेट नसलं तरी कुणीतरी पाडलेली, रंगाखाली बुजलेली भोकं असतात. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा मारला की ती खळगी दिसतात. तीच उघडून वापरा.

लाकडी चौकट असेल तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. पांढरी प्लास्टिकची आवरणवाली स्प्रिंग आणि दोन आकडे, हाताने पिळून लाकडात बसतात. वजनदार पडद्याला स्प्रिंग लोंबते, मग चौकटीवरच छोटे ब्रॅकेट स्क्रूने मारा. जाताना त्या भोकांत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली की दिसतही नाहीत. खिडकी जुनी लोखंडी, झेड सेक्शनची म्हणजे इंग्रजी झेडसारख्या घडीच्या पट्ट्यांची असेल तर चुंबकाचा रॉडही चालतो, पण फक्त पातळ पडद्याला. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे नव्या फ्लॅटमध्ये तो विचार सोडा.

ड्रिल करायचं तर

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक घरांत शेवटी हेच करावं लागतं आणि बहुतेक नुकसान हेच चुकीचं केल्यामुळे होतं.

घरातलं साधं ड्रिल, त्याला हॅमरचं बटण असलं तरी, विटेसाठी ठीक. आरसीसीत ते पाच-पाच मिनिटं किरकिरतं, बिट, म्हणजे भोक पाडणारी सळी, लाल होतं, भोक वाकडंतिकडं रुंदावतं आणि गिट्टी सैल बसते. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो. त्याच्या आत हवेच्या दाबाने हलणारा दट्ट्या बिटावर खरोखरचे घाव घालतो. तेच सहा मिलिमीटरचं भोक अर्ध्या मिनिटात, गोल आणि नेमक्या मापाचं होतं. म्हणून कारागिराला बोलावताना फोनवरच सांगा, “लिंटेलमध्ये मारायचंय, मोठी मशीन आणा.” सोसायटीत दुपारी ड्रिल चालवू देत नाहीत, ती वेळही आधीच विचारून घ्या.

आमच्याकडे आलेल्या मुलाने आधी एक जुनं पाकीट उघडून, चिकटपट्टीने भोकाच्या जागेखाली लावलं. सगळी भुकटी त्यात. मग बिटावर टोकापासून दोन इंचांवर टेप गुंडाळला, तिथपर्यंत गेलं की थांबायचं. प्लास्टरची जाडी अर्धा इंच धरली तर गिट्टी त्याच्याही पलीकडे, खऱ्या काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. प्लास्टरात अडकलेली गिट्टी पडद्यासकट बाहेर येते. मायवानच्या भिंतीला प्लास्टर नसतं, तिथे दीड इंच पुरतं. भोक झाल्यावर त्याने बारीक नळीने फुंकर मारून आतली धूळ काढली. ही पायरी घाईत राहून जाते आणि मग गिट्टी अर्धीच जाते. सहाची गिट्टी, आठ नंबरचा स्क्रू. लाकडाची गुल्ली ठोकून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. ती सुकून आक्रसते आणि ठोकताना प्लास्टरही फुटतं.

तिसऱ्या भोकाला बिट इंचभर जाऊन थांबलं, आवाज बदलला, टणत्कार आला. आत सळई लागली होती. त्याने जोर केला नाही, इंचभर वर सरकून नवं भोक घेतलं. सळई कापायची नाही, हे कारागिराला पटत नसलं तरी आपण ठामपणे सांगायचं. खिडकीच्या कडेपासून निदान दोन इंच लांब राहायचं, नाहीतर कोपरा ढासळतो.

ब्रॅकेट जिथे हवं तिथेच नेमकी सळई किंवा नळी येत असेल तर लाकडी पट्टीची युक्ती करा. खिडकीहून थोडी लांब, तीन इंच रुंद पट्टी घ्या, भिंतीला तीन सोयीच्या जागी स्क्रूने धरा आणि ब्रॅकेट त्या लाकडात हवं तिथे मारा. पुढच्या घरी तीच पट्टी नवीन मापाला चालते. माझ्या पट्टीवर आता चार घरांचे रंग आहेत.

परवानगी आणि हिशेब

भाड्याच्या घरात घरमालकांना आधी विचारा, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर, खिडकीचा फोटो पाठवून: “काका, हॉलच्या खिडकीवर चार भोकं पाडून रॉड लावू का? जाताना बुजवून देईन, नाहीतर रॉड तसाच ठेवून जाईन.” रॉड ठेवून जाईन म्हटलं की बहुतेक जण हो म्हणतात, कारण पुढच्या भाडेकरूला तो लागणारच असतो. बहिणीच्या नव्या घरमालकांनी तर ब्रॅकेटचे पैसे भाड्यातून वळते करून घ्या म्हणून सांगितलं.

क्वार्टरचं गणित वेगळं. मार्च-इनच्या, म्हणजे क्वार्टर ताब्यात घ्यायच्या, दिवशी यादीवर सही करताना भिंतीवरची भोकं, तडे, तुटकं पेल्मेट लिहून घ्या, फोटो काढून ठेवा. नाहीतर मार्च-आउटला, क्वार्टर परत करताना, दुसऱ्याची भोकं तुमच्या नावावर बॅरेक डॅमेजेस, म्हणजे नुकसानभरपाई, म्हणून लागतात. नवीन भोकं पाडायची तर बी अँड आरच्या, म्हणजे इमारतींची देखभाल बघणाऱ्या विभागाच्या, जेईंना (ज्युनियर इंजिनिअरना) आधी विचारा. कधी कधी तिथलाच सुतार येऊन मारून देतो आणि मग ते काम रीतसर त्यांच्या नोंदीत राहतं.

मग कुणी काय घ्यावं

वर्षाच्या आत घर सोडायचं नक्की असेल आणि खिडकी चार फुटांच्या आत असेल, तर दाबाचा रॉड, डोळे झाकून. खाच नसेल पण लाकडी चौकट असेल तर चौकट. पेल्मेट असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही. बाल्कनीचं मोठं दार, ब्लॅकआउट पडदे किंवा घरात लहान मूल असेल तर ड्रिलच, मुक्काम सहा महिन्यांचा असला तरी. घरमालक भोकाला अजिबात तयार नसतील आणि खाचही नसेल, तर ग्रीलला केबल टायने हलका रॉड बांधून सुती पडदा लावा. दिसायला फार देखणं नाही, पण रात्री डोक्यात पडत नाही. चिकटवायचे हुक माझ्या यादीत सगळ्यात शेवटी आणि तेही टाइलपुरतेच.

पडदे शिवतानाच खालची दुमड सहा इंचांची ठेवायला सांगा. पाच आणि सात फूट ही बाजारातली मापं, पण प्रत्येक घराचं लिंटेल वेगळ्या उंचीवर असतं आणि उसवून लांब करता येणारा पडदाच बदलीत टिकतो.

निघायच्या वेळी मी पडदे सगळ्यात शेवटी काढते, ट्रक भरायच्या आदल्या दुपारी. गिट्टी पक्कडीने ओढून काढायची. निघत नसेल तर अर्धा स्क्रू फिरवून स्क्रूसकट ओढायची. भोक ओल्या कापसाने पुसायचं आणि पुट्टी दोन थरांत भरायची, कारण एका थराची वाळल्यावर खळगी पडते. टूथपेस्ट भरू नका, ती आक्रसते आणि पिवळी दिसते. रात्रभर वाळू द्यायची, सकाळी पॉलिशपेपरचा हलका हात आणि वर मिठाच्या डबीत जपून ठेवलेला त्याच भिंतीचा रंग, बोटाने.