थ्री-गनसाठी शॉटगन घेताय? इनर्शिया की गॅस

थ्री-गनला, म्हणजे रायफल, पिस्तूल आणि शॉटगन तिन्ही वापरून टायमरवर खेळायच्या नेमबाजीच्या स्पर्धेला, उतरायचं म्हटलं की रायफल आणि पिस्तूल पटकन ठरतं, एआर (एआर-१५ जातीची रायफल) बहुतेकांकडे असतेच आणि नऊ एमएमचं एखादं पिस्तूलही असतं, घोडं अडतं ते शॉटगनपाशी. इथे फिनिक्समधले आपले मराठी मित्र हल्ली हाच प्रश्न घेऊन येतात (स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य घेतल्यापासून नेमबाजीचा विषय आपल्यात जास्त निघतो, त्याचा प्रकार अगदी वेगळा, ५० मीटर थ्री पोझिशन, पण उत्साह खरा आहे), म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पंप अॅक्शन आणि ओपन डिव्हिजनच्या (स्पर्धेतल्या मोकळ्या नियमांच्या गटाच्या) बॉक्स मॅगझिनवाल्या बंदुका यात धरत नाही. टॅक ऑप्टिक्समध्ये (स्पर्धेतला दुसरा एक गट) खेळायचंय, ट्यूबवाली (बॅरलखालच्या नळीत शेल, म्हणजे काडतुसं, भरायची) सेमी-ऑटो १२ गेज घ्यायचीय, एवढं तुमचं ठरलंय असं समजतो. मग उरतं काय, तर आतली यंत्रणा.

त्याआधी एक महत्त्वाचं. एच-वन-बी, एफ-वन असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. हंटिंग लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच, कारण रेंजवर दुसऱ्याची बंदूक हातात घेणंही त्यात येऊ शकतं. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही.

आता मुद्द्यावर. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या आहेत, आधी इनर्शियावाली घेतली, नंतर गॅसवाली, आणि दोन्हींवर मॅचेस खेळलोय.

इनर्शिया म्हणजे बेनेलीची पद्धत, एम-टू त्यातली सगळ्यात जास्त दिसणारी, आणि स्टोगरची एम ३००० त्याच तत्त्वावर अर्ध्याहून कमी पैशात मिळते. एसटी एकदम सुटली की उभा माणूस जसा जागच्या जागी राहून मागे पडतो तसा बंदूक मागे धक्का खाते तेव्हा जड बोल्ट (शेल बसतो ती जागा, म्हणजे चेंबर, बंद करणारा सरकता भाग) जागेवरच राहू पाहतो, त्यात बोल्ट आणि त्याचं फिरणारं डोकं यांच्यामधली जाड स्प्रिंग दाबली जाते, आणि ती उसळली की बोल्ट मागे फेकला जातो. गॅस कुठेच घेतला जात नाही, सगळी काजळी नळीतून बाहेर. म्हणून बंदूक हलकी, भाग कमी, आणि मॅचनंतर बोल्ट पुसला, चेंबरमध्ये ब्रश फिरवला की काम झालं. आमच्या अॅरिझोनाच्या धुळीत हे सुख फार मोठं आहे, कारण तेल जितकं जास्त तितकी धूळ चिकटते आणि या बंदुकीला तेल लागतंच थोडं. उडत्या क्लेवर (हवेत फेकलेल्या मातीच्या चकतीवर) फिरवायलाही ती हातात छान वाटते, हे मी आजही मान्य करतो.

गॅसवालीत शॉटचा थोडा गॅस बॅरलमधून घेऊन पिस्टन ढकलला जातो आणि तो बोल्ट मागे नेतो. गॅसवाल्यांमध्ये बेरेटाची १३०१ कॉम्पिटिशन आणि मॉसबर्गची ९४० जेएम प्रो या दोनच नावांची चर्चा जास्त होते. ९४० ही २०२० मध्ये आली, जेरी मिक्युलेक या नामांकित नेमबाजाला बरोबर घेऊन बनवली, आणि साफ न करता १५०० राऊंडपर्यंत चालते असं कंपनी म्हणते. मी तेवढी वाट कधी बघितली नाही आणि तुम्हीही बघू नका. गॅसमुळे धक्का पसरतो, खांद्याला मऊ लागतो, आणि स्टीलच्या टार्गेटांच्या रांगेवर दुसरा-तिसरा शॉट लवकर जातो असं मला तरी जाणवतं, टायमरवर मोजून बघितलेलं नाही. स्लग (छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी असलेला शेल) मारताना तर फरक चांगलाच कळतो, सडपातळ बांध्याच्या माणसाला जास्तच.

आणि हो, गॅसवाली घाण होते. पिस्टनवर, गॅसच्या छिद्रांपाशी, मॅगझिन ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला काळा थर बसतो, स्वस्त बल्क पॅकचे शेल असतील तर आणखी. लोक इनर्शियाकडे वळतात ते बहुतेक या एका कारणाने आणि मला ते कारण पटतंसुद्धा, कारण रविवारी संध्याकाळी उन्हातून दमून आल्यावर एक्स्टेंशन ट्यूबचा क्लॅम्प सोडा, बॅरल काढा, पिस्टन खरवडा, हे कोणाला आवडेल.

तरी मी हल्ली मॅचला गॅसवालीच नेतो, आणि त्याला कारण आहे ते क्लिक.

इनर्शिया बंदूक वापरणाऱ्या कोणालाही विचारा, क्लिक म्हणजे काय ते लगेच सांगेल. ती जी मधली जाड स्प्रिंग आहे ना, बोल्ट पूर्ण लॉक व्हायला तिला थोडं दाबावं लागतं, म्हणजे बोल्ट जोरात पुढे यायला हवा. तो हळू बंद केला, किंवा बंद असलेल्या बंदुकीला दस्त्याकडून ठोका बसला, तर डोकं जरासं उलटं फिरतं आणि बोल्ट केसभर मागे राहतो. दिसायला सगळं बंदच दिसतं. ट्रिगर दाबला की नुसता क्लिक. आणि हे होतं कधी, तर थ्री-गनमध्ये जे आपण सतत करतो त्यातच. मेक रेडीला (स्टेज, म्हणजे मॅचमधला एकेक टप्पा, सुरू होण्याआधी बंदूक भरायचा हुकूम) चेंबर बघायला बोल्ट जरा मागे घेतला आणि हाताने हळूच सोडला. स्टेजवर शॉटगन भरून, सेफ्टी लावून टेबलावर किंवा ड्रममध्ये ठेवायची असते, ठेवताना दस्ता आपटला. मग रायफल संपवून धावत आलात, बंदूक उचलली, पहिल्या पॉपरवर (शॉट लागला की पडणाऱ्या स्टीलच्या टार्गेटवर) धरली, क्लिक. आता बोल्ट ओढायचा म्हणजे चांगला शेल जमिनीवर जाणार, आणि बऱ्याच मॅचमध्ये सुरुवातीला ९ राऊंडच भरता येतात तर त्यातला एक गेला. वेळ एक-दोन सेकंदच जातो, पण डोक्यात बसवलेला सगळा प्लॅन विस्कटतो, कुठे चार भरायचे, कुठल्या कोपऱ्यावर भरायचे, स्लग कितव्या नंबरला येतो. एक शेल कमी पडला म्हणून स्लगच्या टार्गेटवर बर्डशॉट (बारीक छर्‍यांचा शेल) समोर आला की काय होतं ते खेळणाऱ्याला सांगायला नको.

यावर उपाय आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर चांगले आहेत. बोल्ट कधीही हाताने हळू सोडायचा नाही, मोकळा सुटू द्यायचा. बंदूक उचलली की तळव्याने बोल्टचा हँडल पुढे ठोकायचा, सवयच लावून घ्यायची. बेनेलीच्या नव्या काही मॉडेल्समध्ये ईझी-लॉकिंग बोल्ट आहे, त्याने हा त्रास बराच कमी झाला असं वापरणारे सांगतात, मी स्वतः ती फार चालवलेली नाही. बरेच वरच्या फळीचे शूटर आयुष्यभर इनर्शियावर खेळतात आणि जिंकतात, त्यामुळे हा दोष बंदूक नाकारण्याएवढा आहे असं मी म्हणणार नाही. माझा हिशोब एवढाच की गॅसचा त्रास घरी टेबलावर होतो, चहा बाजूला ठेवून मी तो सावकाश निस्तरू शकतो, आणि क्लिक येतो तो टायमर चालू असताना.

त्यात वजनाचा मुद्दा जोडा. इनर्शियाला बंदूक मागे सरकायला हवी. लांब एक्स्टेंशन ट्यूब, ती पूर्ण भरलेली, क्लॅम्प, असं वजन चढवत गेलं की ती कमी सरकते, आणि मग हलके १ औंसचे किंवा ७/८ औंसचे टार्गेट शेल कधी कधी बोल्ट पूर्ण मागे ढकलत नाहीत. गॅसवालीलाही फार हलका शेल नकोच असतो, पण वजन चढवलं म्हणून ती बिघडत नाही.

गॅसवाली घेतलीत तर सफाईचा बाऊ करू नका, दर मॅचनंतर अर्ध्या तासात होते. पिस्टन आणि त्याची जागा सॉल्व्हंट लावून ठेवायची, तोवर बॅरल साफ करायची, मग जुना टूथब्रश. काजळी ओली असताना निघते, आठवडाभर ठेवली की दगड होते. पिस्टन जिथे सरकतो तिथे तेलाचं नुसतं बोट, वाहेल इतकं नाही. चोक (बॅरलच्या तोंडाशी बसणारी, छर्‍यांचा फैलाव ठरवणारी नळी) प्रत्येक वेळी पूर्ण काढून त्याच्या आट्यांना ग्रीस लावा नाहीतर वॉडचं (शेलमधल्या छर्‍यांच्या कपाचं) प्लास्टिक आणि काजळी मिळून तो असा बसतो की गनस्मिथकडे जावं लागतं. आणि मॅचच्या दिवशी दर स्टेजआधी, बंदूक रिकामी बघून, चोक आणि एक्स्टेंशनचा जोड हाताने तपासा, मी जोडावर रंगाची एक रेघ मारून ठेवलीय, सैल झाला की लगेच दिसतं.

इनर्शियाच घेणार असाल तर एक जागा लोक विसरतात, एम-टूसारख्या बंदुकीत बोल्टला परत आणणारी स्प्रिंग दस्त्याच्या आतल्या नळीत असते. वर्षानुवर्षं कोणी ती उघडत नाही, आत तेल घट्ट होतं, पाण्या-पावसात खेळलेली असेल तर गंज, आणि बोल्ट आळसावतो, म्हणजे पुन्हा तोच क्लिक. वर्षातून एकदा तरी काढून कोरडी पुसून हलकं तेल लावा. जुनी बंदूक विकत घेताना तर पहिलं हेच.

दोन्हींना लागू असलेलं एक, स्वस्त शेलचं बूड बऱ्याचदा स्टीलचं असतं, ते तापलेल्या चेंबरला चिकटतं आणि लोक यंत्रणेला दोष देतात. चेंबर ब्रश घेऊन नीट घासा, बऱ्याच वेळा तेवढ्यानेच सुटतं. साफसफाईनंतर थंड पाण्याने साबण लावून हात धुवायचे, शिशाचा अंश असतो, घरात लहान मुलं असतील तर ती फडकी स्वयंपाकघराच्या आसपास नको.

बजेट अगदीच कमी असेल तर एम ३००० घ्या आणि उरलेल्या पैशाचे शेल आणा, कॅडी (कमरेला शेल लावून ठेवायची क्लिप) आणा, डमी शेलवर एकदम चार भरायचा सराव करा, पहिल्या वर्षी यंत्रणेपेक्षा लोडिंगमध्येच जास्त वेळ जातो. बजेट असेल, लांब ट्यूब लावायची असेल, तर मी गॅसकडे झुकेन. मेसाला रिओ सलाडो किंवा इकडे बेन एव्हरी या रेंजवर मॅच बघायला या, स्क्वाडमधले लोक स्टेज संपल्यावर आनंदाने माहिती देतात, कोणाची तरी परवानगी घेऊन दोन्ही खांद्याला लावून बघा. आणि जी घ्याल तिच्याबरोबर पहिल्याच ऑर्डरमध्ये एक्स्ट्रॅक्टर (रिकामा शेल चेंबरमधून ओढणारा आकडा), त्याची स्प्रिंग आणि मॅगझिनची जादा स्प्रिंग मागवून ठेवा, सीझनच्या मध्यात हे भाग नेमके स्टॉकमध्ये नसतात.