मीटरचा खोटा काटा आणि मातीतले पांढरे खडे

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटला अंगण नाही. उत्तरेकडची एक बंद केलेली बाल्कनी आहे. तिथे ऊन येत नाही, म्हणून एलईडी दिवे लावून मी कुंड्या ठेवते. गेल्या वर्षी अनंताची तीन रोपं आणली. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आईने लावलेला अनंत होता. वाडा पाडला तेव्हा तोही गेला. त्या वासासाठी जीव तुटतो, म्हणून ही तीन रोपं.

अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा; ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५ ते ६. आपली दख्खनची काळी माती बेसाल्टच्या खडकातून तयार झालेली, चुनखडी धरून ठेवणारी. तिचा सामू बहुतेक वेळा ७.५ च्या वरच असतो. एवढं मला माहीत होतं. एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर मी हेच बोलून दाखवलं आणि तिथल्या माणसाने ते बरोबर पकडलं. “ताई, अनंतासाठी आमचं ॲसिड मिक्स न्या. सामू ५.५ ची गॅरंटी.” मातीच्या तीन पिशव्या, मातीत खुपसायचा एक मीटर आणि ‘पीएच डाऊन’ लिहिलेली बाटली, असा संच ४,२०० रुपयांना. पैसे यूपीआयने दिले. बिल मागितलं तर म्हणाला, “व्हॉट्सॲपवर पाठवतो.” ते आजपर्यंत आलेलं नाही.

दीड महिन्यात कोवळी पानं पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्याच. ही खूण नीट लक्षात ठेवा. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. लोह मिळेनासं झालं तर आधी शेंड्याची पानं पिवळी पडतात. लोह मातीत असतं, पण सामू चढला की ते विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही. मी त्या स्टॉलवाल्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं: सामू वाढलाय, टँकरच्या पाण्याचा दोष, दर चार दिवसांनी बाटलीतलं औषध द्या.

यात अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसले. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत टँकर येतात. बोअरच्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतला सामू हळूहळू चढतो, हे खरंच आहे. किटलीत पांढरा थर साचतो, त्यातलंच हे. पण ते काही महिन्यांचं काम. माझी माती तर चार दिवसांत पुन्हा होती तिथे यायची. मीटर ७ दाखवायचा, मी औषध घालायचे, मातीतून बारीक फसफस ऐकू यायची आणि मला वाटायचं औषध लागू पडतंय. एक बाटली ६५० रुपयांना. अशा सहा बाटल्या घेतल्या.

पहिली शंका आली ती त्याने पाठवलेल्या तक्त्यामुळे. त्यात ‘कुंडीतल्या झाडांसाठी’ सामू ६ ते ७ हवा असं लिहिलं होतं. अनंतासाठी हा आकडाच चुकीचा. मी तो कॅनडातल्या भाच्याला दाखवला. तो म्हणाला, “आत्या, हा तर घरात गांजा लावणाऱ्यांचा तक्ता आहे. वरचं शीर्षक कापलंय फक्त.” तिकडे ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला आहे आणि बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात, त्यामुळे तिथे अशी माहिती भरपूर मिळते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली परवान्याशिवाय गांजाची लागवड हा गुन्हा आहे. दुसऱ्याच झाडाचे आकडे कापून माझ्या अनंतावर चिकटवणाऱ्याला बागकामाशी काहीही देणंघेणं नाही, हे त्या दिवशी मला कळलं.

मग मी मीटर तपासला. एका वाटीत लिंबाचा रस घेतला, दुसरीत पानाच्या डब्यातल्या चुन्याची निवळी. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास, चुन्याच्या निवळीचा १२ च्या वर. दोन्हीत काटा जवळजवळ एकाच जागी थांबला. कोरडा पुसून हवेत धरला तर ७. या बिनबॅटरीच्या मीटरमध्ये दोन वेगळ्या धातूंचे तुकडे असतात. ओल आणि क्षार मिळाले की त्यांच्यात थोडा विद्युतप्रवाह तयार होतो आणि काटा हलतो. तो ओलीमुळे हलतो, आपण सामू म्हणून वाचतो. खऱ्या मीटरच्या टोकाला काचेचा इलेक्ट्रोड असतो. ते टोक ओलं ठेवावं लागतं आणि ४ व ७ सामूच्या प्रमाणित द्रावणात बुडवून मीटर जुळवून घ्यावा लागतो. विकणारा या द्रावणांबद्दल काहीच बोलला नाही, तर मीटर घेऊ नका.

खरा धक्का मातीने दिला. तिच्यात पांढरे दाणे होते, त्याला तो परलाइट म्हणायचा. परलाइट म्हणजे फुगवलेली ज्वालामुखी काच, हलकी, पाण्यावर तरंगणारी. मी मूठभर माती बादलीत टाकली. पांढरे दाणे तळाशी गेले. त्यातले चार उचलून बशीत ठेवले, वर व्हिनेगर ओतलं, आणि ते फसफसायला लागले. संगमरवराची खडी होती ती, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच. आम्लाची माती म्हणून विकलेल्या पिशवीत आम्ल खाऊन टाकणारा दगड. मी ओतलेली प्रत्येक बाटली त्या खडीने गिळली आणि सामू परत वर गेला. जी फसफस ऐकून मला बरं वाटायचं, ती हीच. बाटलीचं झाकण उघडून पुन्हा वास घेतला तर तोही व्हिनेगरसारखाच आंबट.

मातीचा नमुना सरकारमान्य प्रयोगशाळेत दिला. एक भाग माती, अडीच भाग पाणी, असं ढवळून तिथे सामू मोजतात. अहवालात सामू ८.१, मुक्त चुनखडी जास्त. तो अहवाल पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या आणि माझा नंबर ब्लॉक झाला. एकूण गेले ८,१०० रुपये.

एक रोप वाचलं नाही. उरलेल्या दोघांची मुळं हलक्या हाताने धुतली आणि धुतलेलं कोकोपीट, पानांचं कुजलेलं खत, खरं परलाइट यांत लावली. थोडी गंधक पावडर मिसळली. तिचं काम सावकाश चालतं. मातीतले जिवाणू तिचं आम्ल करतात, त्याला आठवडे, कधी महिने लागतात. चार दिवसांत सामू बदलून कायम ठेवतो म्हणणाऱ्याला म्हणूनच दारात उभं करू नका.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल नसल्यामुळे माझ्याकडे यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि प्रयोगशाळेचा अहवाल एवढंच आहे. तुम्ही बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

परवा आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टमध्ये त्यांच्या जास्वंदीची पिवळी पानं दाखवली. माती त्याच माणसाकडची, चार पिशव्या. उद्या संध्याकाळी मी व्हिनेगरची बाटली घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.