२८० रुपयांचा डार्निंग फूट, सहा महिने वापरल्यानंतर

फूट म्हणजे शिलाई मशीनमध्ये सुईपाशी कापड दाबून धरणारा भाग. डार्निंग फूट लावतात तो कापड हाताने फिरवत शिवायचं असेल तेव्हा. पाकिटात होता एक फूट. बस. माहितीचा कागद नाही, चित्र नाही, काही नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचं एक लहानसं कडं, वर स्प्रिंग आणि बाजूला आलेली धातूची काडी. ही काडी सुई आवळायच्या स्क्रूच्या वर टेकवायची असते, म्हणजे सुई वर जाताना फूटही उचलला जातो. मी ती खाली सरकवून बसले. फूट कापड सोडेना, मी कापड ओढलं, खट्! सुईचं टोक कुठे उडालं ते अजून सापडलेलं नाही. चष्मा होता म्हणून निभावलं.

ज्यांच्या आईने पायमशीनवर फूट काढून, लाकडी रिंग लावून भरतकाम केलंय, त्यांना फ्री-मोशन क्विल्टिंग फार परकं वाटू नये. कापड पुढे ढकलणारे दाते खाली पाडायचे (माझ्या मशीनला मागच्या बाजूला खटका आहे), टाक्याची लांबी शून्यावर न्यायची आणि कापड हाताने हवं तिकडे फिरवायचं. फरक इतकाच, की इथे रिंग नसते आणि हातात एकेरी कापडाऐवजी वरचं कापड, मधली बॅटिंग (मऊ भरणाचा थर) आणि खालचं अस्तर असा तीन पदरी ऐवज असतो.

पहिले पंधरा दिवस मी फुटाला शिव्या दिल्या. खाली दोऱ्याचं घरटं व्हायचं, कापड प्लेटला चिकटायचं, कात्रीने सोडवायला लागायचं. बॉबिन बदलली, रीळ बदललं, तेल घातलं. शेवटी लक्षात आलं की मी फूट खाली करायलाच विसरत होते! हा फूट खाली असला तरी कापडापासून जरा अधांतरीच दिसतो, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. आणि फूट वर-खाली करायचा दांडा वर असला की वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही, सगळा दोरा खाली गोळा होतो. आता मशीनवर बिंदीची टिकली चिकटवली आहे. ती दिसली की दांडा तपासायचा.

त्यानंतरचा त्रास मात्र फुटाचा नव्हता, माझ्या हाताचा होता. वळणावर हात घाईने फिरला की मागच्या बाजूला पापण्यांसारखे दोऱ्याचे फासे उभे राहतात. पाय जोरात आणि हात सावकाश असेल तर टाके मुंगीएवढे, उलट झालं तर कच्च्या टिपेसारखे लांब. यावर दहा-दहा इंचांचे चौकोन शिवत राहण्याशिवाय औषध नाही. जुन्या चादरींचे असे बावीस चौकोन मी वाया घालवले. ९० नंबरची सुई, वर-खाली एकाच जाडीचा सुती दोरा आणि चार-चार बोटांवर सेफ्टी पिना, एवढं केलं तेव्हा जरा जमायला लागलं. हातात रबरी ठिपक्यांचे मोजे घाला, साध्या हाताने कापड घसरतं. क्विल्टिंगचे म्हणून विकतात ते महाग आहेत. मी हार्डवेअरच्या दुकानातले कामगारांचे आणले, उत्तम चालतात.

सासूबाईंनी आयुष्यभर हाताने गोधड्या शिवल्या. कडेने सुरुवात करून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत. माझा नागमोडी नमुना त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, “पावसात गांडुळं निघाल्यासारखी दिसतायत.” दुसऱ्या दिवशी मात्र पेन्सिलने कागदावर, हात न उचलता, तीच गांडुळं काढून दाखवली. रेघ रेघेला कुठेच छेदत नव्हती. मी आधी कागदावर सराव करायला लागले ती तेव्हापासून.

फुटाची खरी खोट दोन ठिकाणी आहे. एक, आवाज. प्रत्येक टाक्याला टकटक, दुपारी घरात कोणी झोपलं असेल तर शिवू नये. दुसरी, बंद कड्यामुळे सुईच्या पुढचं नीट दिसत नाही, आणि आखलेल्या रेघेवरून जायचं तर तेच दिसायला हवं. मैत्रिणीने असाच फूट तिच्या मशीनची मापं न बघता मागवला होता, बसला नाही, माझ्याकडे पडून होता. त्याच्या कड्याचा पुढचा तुकडा मी कटरने कापला आणि कडा पॉलिश पेपरने घासल्या. आता तोच लावते. पाकिटातला अखंड फूट डब्यात आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो माहितीच्या कागदासाठी, कारण एका चित्राने माझी सुई वाचली असती. मागवण्याआधी मशीनचा नेहमीचा फूट खाली करा आणि तो बसवायच्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या प्लेटपर्यंत पट्टीने मोजा. अर्धा-पाऊण इंच भरलं तर मशीन लो शँक, म्हणजे फूट बसवायची उंची कमी असलेलं, हा फूट बसेल. इंचभर भरलं तर हाय शँकचा बघा, नाहीतर तुमचाही फूट माझ्यासारख्या कोणाकडे कापायला जाईल.