लातूरच्या केंद्रातील करंटचे उपचार: तीन महिन्यांनंतर

शेळ्यांसाठी लिंबाचा पाला तोडताना माझे थोरले भाऊ झाडावरून पडले आणि छातीच्या आठव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला अर्धवट इजा झाली. औशाजवळच्या गावाहून आम्ही त्यांना आठवड्यातून तीनदा लातूरच्या एका फिजिओथेरपी केंद्रात नेतो. तिथे पायाला पट्ट्या लावून यंत्राने विजेचा करंट देतात आणि पाय हलवून चालण्याचा सराव करून घेतात.

या केंद्राचे मोठे गुण म्हणजे तपासणी आणि खरे बोलणे. मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची नस शाबूत असेल तरच असा करंट दिल्यावर पाय नीट हलतो. कमरेच्या मणक्यांत त्या नसांनाच मार बसला असेल तर या यंत्राने चालणे साधत नाही, हे त्यांनी पैसे घेण्याआधीच समजावले. त्यापूर्वीच्या एका ठिकाणी तपासणी न करताच ‘तीन महिन्यांत चालवतो’ म्हणून आगाऊ रक्कम घेतली होती. तो राग अजून मनातून गेलेला नाही.

मांडीवरच्या पट्ट्यांतून करंट सुरू झाला की गुडघा ताठ राहतो. गुडघ्याखाली, बाहेरच्या अंगाला असलेल्या नसेवर तो दिला की मांडी, गुडघा आणि घोटा एकदम वर उचलले जातात, तेच पाऊल. वॉकरच्या मुठीवरचे बटण दादांनी पहिल्यांदा दाबले, तेव्हा पायाला स्पर्श कळत नसल्याने पाय उचलला गेल्याचे त्यांना खाली पाहूनच कळले, आणि त्यांनी लगेच पुन्हा बटण दाबले.

करंट तेच तेच तंतू एकाच वेळी राबवत असल्याने स्नायू लवकर थकतात. दहा मिनिटांत दादांची मांडी थरथरू लागते. शिवाय भाजलेलेही कळत नाही, म्हणून पट्टी काढल्यावर दरवेळी त्वचा तपासतात, हे मला फार मोलाचे वाटते.

पाहुणे मोबाइलवर दाखवतात ते उपचार वेगळे. २०१८ मध्ये अमेरिकेत आणि स्वित्झर्लंडच्या लोझान येथे शस्त्रक्रियेने मज्जारज्जूच्या आवरणावर करंट देणारे इलेक्ट्रोड बसवून, सोबत महिनोन्‌महिने सराव करून घेतल्यावर काही रुग्णांनी पावले टाकली. ते येथे होत नाही, आणि केंद्राने तसे भासवलेही नाही.

दाराशी असलेला उतार मात्र इतका तीव्र आहे की खुर्ची चढवायला दोघे लागतात. तो बदलायलाच हवा. जाताना एमआरआयची फिल्म सोबत न्यावी आणि जेवणाचा डबाही घ्यावा, कारण पहिल्या तपासणीत सगळी दुपार जाते.