अल्गॉन्क्विन की बाउंडरी वॉटर्स? वाऱ्याने अडवलं तर काय, यावर ठरवा

चार-पाच रात्रींची कॅनू सफर म्हटली की टोरांटोकडची मराठी मंडळी ऑन्टारियोतल्या अल्गॉन्क्विन पार्कचं नाव घेतात आणि मिनियापोलिसची मिनेसोटातल्या बाउंडरी वॉटर्सचं. अंतराच्या हिशोबाने दोघांचंही बरोबर आहे. टोरांटोहून अल्गॉन्क्विनमधलं कॅनू लेक तीन-साडेतीन तासांवर, मिनियापोलिसहून बाउंडरी वॉटर्सजवळचं ईली गाव चार-साडेचार तासांवर. हे लिहितोय ते मधल्यांसाठी. शिकागो-डेट्रॉइटकडे राहणारे, किंवा एक करून झालंय आणि आता दुसरीकडे जावं का अशा विचारात असलेले. सीमा ओलांडायची असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाचं आधी बघावं, कारण काहींचा निर्णय तिथेच होऊन जातो.

दोन्हीकडे तोच ग्रॅनाइटचा खडक, तेच पाइन, रात्री तीच लून पक्ष्याची हाक. काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पदार्थ दोन्हीकडे बंद, एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं, मे-जूनमध्ये काळ्या माश्या आणि डास. त्यामुळे 'सुंदर कुठलं' या प्रश्नात वेळ घालवू नका. खरा फरक परमिटच्या रचनेत आहे, आणि तो वारा सुटला की कळतो.

अल्गॉन्क्विनमध्ये प्रत्येक रात्रीचं तळं आधी बुक करावं लागतं. नेमकी कॅम्पसाइट नाही, तळं. त्या तळ्यावर ज्या मोकळ्या साइट असतील त्यातली पोहोचल्यावर घ्यायची. तळ्यावर जितक्या साइट तितक्याच गटांना बुकिंग मिळतं, म्हणून एक जागा तुमच्या नावाची आहे हे नक्की. बाउंडरी वॉटर्सचं उलट आहे. तिथे फक्त कुठल्या तारखेला कुठल्या प्रवेशस्थानातून आत शिरणार हे ठरलेलं असतं. एकदा आत गेलात की कुठे राहायचं, किती दिवस राहायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं. एकाच साइटवर १४ दिवसांपर्यंत राहता येतं.

कागदावर अल्गॉन्क्विनची पद्धत जास्त भरवशाची वाटते. आता कॅनू लेकवरून निघणारी नेहमीची फेरी घ्या: दुसरी रात्र बर्न्ट आयलंड लेकवर, तिसरी टॉम टॉमसन लेकवर. बर्न्ट आयलंड लेक लांबट आहे आणि बेबी जो तळ्याकडे जाणारं पोर्टेज (कॅनू खांद्यावर घेऊन चालायची वाट) त्याच्या नैऋत्य टोकाला. सकाळी नैऋत्येचा वारा सुटला तर तो थेट तोंडावर येतो. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की सामानाने भरलेली दोन माणसांची कॅनू पाण्यात घालायची नाही, हा साधा नियम. त्या दिवशी थांबणं हेच शहाणपण. पण तुमची साइट त्या रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी वाटणीची असते. तुम्ही थांबलात की एक गट संध्याकाळी येऊन साइटमागून साइट बघत फिरणार, बहुधा अंधार पडत असताना. जीव धोक्यात असेल तर थांबल्याबद्दल कुणी दोष देणार नाही, पण ही जाणीव माणसाला नको तेव्हा पाण्यात ढकलते. माझ्या मते अल्गॉन्क्विनची हीच एक खोट आहे आणि माझा कौल तिने ठरवला. लोक चुका करतात ते पाणी अवघड असतं म्हणून कमी, वेळापत्रक गाठायचं असतं म्हणून जास्त.

अल्गॉन्क्विनलाच जायचं असेल तर यावर उपाय आहे. मोठी तळी सलग ठेवू नका आणि मधल्या एका तळ्यावर सलग दोन रात्री बुक करा. मोठं पाणी पहाटे पाच-साडेपाचला कापायला घ्या, दहाच्या आत पलीकडे पोहोचा. समोरचा वारा असेल तर जड पिशवी पुढच्या बाजूला सरकवा, नाहीतर हलकं टोक वाऱ्याबरोबर फिरत राहतं. आणि किनाऱ्यावर उतरल्यावर कॅनू नुसती पालथी घालून सोडू नका, झाडाला बांधा. केव्हलार या हलक्या धाग्याची कॅनू जेमतेम १९-२० किलोची असते. जोराचा वारा ती उचलून खडकावर आपटतो, आणि मग परतीचा रस्ताच उरत नाही.

बाउंडरी वॉटर्समध्ये अशा दिवशी चहा करायचा आणि झोपडीसारखी ताडपत्री ताणून पडून राहायचं, बस. मात्र तिथली किंमत वेगळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये, त्यातही प्रवेशस्थानाजवळच्या तळ्यांवर, दुपारी तीननंतर मोकळी साइट मिळेलच असं नाही. मी दोन वाजता पहिली बरी दिसेल ती साइट घेण्याच्या मताचा आहे, पुढची अधिक चांगली असेल या आशेवर जाऊ नये. शिवाय प्रवेशाची तारीख हलत नाही आणि एकदा बाहेर पडलात की त्याच परमिटवर पुन्हा आत येता येत नाही. पहिल्याच दिवशी वादळ असेल तर प्रवेशस्थानापासून जवळच्या पहिल्या साइटवर थांबायची तयारी ठेवा.

खर्चाचं थोडक्यात: अल्गॉन्क्विनमध्ये माणशी दर रात्रीचे पैसे, बाउंडरी वॉटर्समध्ये माणशी एका सफरीचे. दोन रात्रींना फरक जाणवत नाही, सहा रात्रींना चांगलाच जाणवतो.

वाट शोधणं हा नवख्यांसाठी महत्त्वाचा मुद्दा, आणि इथे अल्गॉन्क्विन सरळ पुढे आहे. पोर्टेजच्या सुरुवातीला पिवळी पाटी, तिच्यावर मीटरमध्ये लांबी. कॅम्पसाइटला नारिंगी पाटी, लांबून दिसते. कॅनू लेक ते जो लेक फक्त २९५ मीटर, आणि डिक्सन लेक ते बॉनफील्ड लेक तब्बल ५,३०५ मीटर. काय पुढ्यात वाढलंय ते आधीच कळतं. बाउंडरी वॉटर्समध्ये पाट्याच नाहीत. फिशर कंपनीच्या नकाशावरचे लाल ठिपके म्हणजे साइट, आणि पोर्टेजची लांबी रॉडमध्ये. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कॅनूएवढा; ३२० रॉडचा मैल. किनारा सगळीकडून सारखाच दिसतो, म्हणून पोर्टेजचं तोंड शोधताना झाडीतली खाच आणि पाण्याच्या कडेला घासून गुळगुळीत झालेले दगड बघायचे. होकायंत्रात मात्र इथे सोय आहे: ईलीकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळपास एकच, तर अल्गॉन्क्विनमध्ये ११-१२ अंश पश्चिमेकडे फरक धरावा लागतो. तो विसरला तर दोन किलोमीटरच्या पाण्यावर चारशे मीटर चुकतात.

कॅनू जुवावर (तिच्या मधल्या आडव्या दांडीवर) खांद्यावर घेऊन चालण्यात दोन्हीकडे काही वेगळं नाही. फक्त बाउंडरी वॉटर्सच्या उतरण्याच्या जागा जास्त खडकाळ. केव्हलार दगडाला लावायची नाही, घोटाभर पाण्यात उतरायचं. बूट ओले होणारच आहेत, ते आधीच मान्य केलं की कॅनू वाचते.

जेवणाचं नियोजन करताना एक फरक नीट लक्षात घ्या. अल्गॉन्क्विनमध्ये अन्न ठेवायला निळं प्लॅस्टिकचं पिंप घेऊन जाणारे पुष्कळ. बाउंडरी वॉटर्समध्ये अन्न एकतर उंच टांगलेलं हवं किंवा प्रमाणित अस्वलरोधक डब्यात. साधं निळं पिंप त्यात बसत नाही. टांगायचं तर जमिनीपासून चार मीटर वर आणि खोडापासून दोन मीटर दूर. बाउंडरी वॉटर्सच्या पूर्वेकडच्या गनफ्लिंट बाजूला अशी फांदी मिळणं कठीण आहे. ४ जुलै १९९९च्या वादळात तिथलं जंगल आडवं झालं, पुढे २००६ आणि २००७ मध्ये वणवे लागले, त्यामुळे सीगल लेकसारख्या ठिकाणी बरीच झाडं अजून कोवळी आहेत. त्या बाजूने जाणार असाल तर डबाच भाड्याने घ्या. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी त्यात छान बसते. तूरडाळ नेऊ नका, कुकरशिवाय गॅस संपवते. दोघांसाठी १०० ग्रॅम मूगडाळ दुपारीच रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घालून कॅनूत ठेवा. संध्याकाळी दीडशे-दोनशे ग्रॅम तांदळाबरोबर पंधरा-वीस मिनिटांत खिचडी होते. हिंग-फोडणीचा वास कपड्यांत राहतो, म्हणून स्वयंपाकाचे कपडे तंबूत नेऊ नका.

लहान मुलं बरोबर असतील, पहिलीच खेप असेल आणि तळी छोटी निवडणार असाल, तर अल्गॉन्क्विनला जा. पाट्या आणि पक्की जागा यांचं मोल तेव्हा मोठं असतं. नकाशा वाचता येतो आणि पाच किंवा जास्त रात्री हाताशी आहेत, अशांना मी बाउंडरी वॉटर्सच सांगेन, शक्यतो लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटून गेल्यावर. तेव्हा डास संपलेले असतात आणि दुपारी चार वाजताही साइट मोकळ्या मिळतात. परमिट जानेवारीच्या शेवटी खुली होतात. दोन-तीन प्रवेशस्थानं आणि दोन तारखा आधीच लिहून ठेवून बसा.